चार चाकं असली तरी तोल तुमचाच!

सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला गेलात, लोणावळ्याला फिरलात किंवा अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर उतरलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. जाडजूड टायरांच्या चार चाकी गाड्या रांगेत उभ्या असतात, शेजारी हेल्मेटांचा ढीग असतो आणि एखादा मुलगा ओरडत असतो, "या ताई, या दादा, एटीव्ही राइड!" आपण थांबतो. चार चाकं आहेत, पडायचं कुठे? स्कूटर तर रोजच चालवतो, ही तर त्याहून सोपी दिसते.

मलाही तसंच वाटलं होतं. पाचगणीच्या वाटेवरच्या एका ट्रॅकवर मी पहिल्यांदा एटीव्हीवर बसले. वीस मिनिटांत दोन फेऱ्या मारल्या आणि धुळीने लाल होऊन उतरले. उतरले, तर माझी नऊ वर्षांची लेक समोर उभी. "आई, आता मला पुढे बसव ना! आपण स्कूटरवर बसतो तशी." गाड्या सांभाळणारा मुलगाही हसून म्हणाला, "बसवा हो ताई, काही होत नाही."

वीस मिनिटांपूर्वी विचारलं असतं, तर मी तिला बसवलं असतं. त्या दोन फेऱ्यांत जे कळलं, त्यामुळे माझं उत्तर बदललं. तुम्हीही या सुट्टीत पहिल्यांदा एटीव्हीवर बसणार असाल, तर ते काय होतं हे आधीच वाचून ठेवा.

ही गाडी आली कुठून?

एटीव्ही म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल. माती, वाळू, चिखल, दगडधोंडे अशा कशाही वाटेवरून जाणारी गाडी. आपल्याकडे तिला क्वाड बाइकही म्हणतात. क्वाड म्हणजे चार. गंमत अशी, की सुरुवातीच्या लोकप्रिय एटीव्हीला चार नव्हे, तीन चाकं होती. होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत ही तीन चाकी गाडी आणली. थंडीत मोटरसायकलींची विक्री मंदावते, तेव्हा विकायला काहीतरी हवं, अशी तिथल्या विक्रेत्यांची मागणी होती. फुग्यासारखे मऊ टायर असलेली ही गाडी बर्फातून आणि वाळूतून सहज जायची. लोकांना ती फार आवडली.

पण तीन चाकांची ही गाडी वळणावर आणि उतारावर चटकन उलटायची. १९८० च्या दशकात अपघात इतके वाढले, की अमेरिकेच्या सरकारने कंपन्यांना न्यायालयात खेचलं. १९८८ मध्ये तडजोड झाली आणि तिथे नव्या तीन चाकी एटीव्ही विकणं बंद झालं. तोवर चार चाकी एटीव्ही बाजारात आल्याच होत्या. आज आपण बसतो ती हीच.

चौथ्या चाकामुळे गाडी सुधारली, पण उलटणं थांबलं नाही. अमेरिकेत अशा वाहनांवर अजूनही दरवर्षी शेकडो माणसं जीव गमावतात आणि त्यांत लहान मुलंही असतात. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. "चार चाकं आहेत, पडायचं कुठे?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगते.

पहिला धडा : पाय वरच ठेवा

मी गेली कित्येक वर्षं स्कूटर चालवते. गाडी हळू झाली, की पाय आपोआप खाली जातो. सिग्नलला, खड्ड्यापाशी, पार्किंगमध्ये, सगळीकडे. एटीव्हीवर पहिल्याच वळणावर गाडी जरा कलल्यासारखी वाटली आणि माझा डावा पाय सवयीने खाली गेला. मागून आवाज आला, "पाय वर, पाय वर!" तेवढ्यात मागचं चाक बुटाच्या टाचेला घासून गेलं. बूट खरवडला, पाय वाचला.

स्कूटरवर पाय खाली टेकला, की आधार मिळतो. एटीव्हीवर तुमच्या पायाच्या बरोबर मागे रुंद, पकड घेणारं चाक फिरत असतं. जमिनीला टेकलेला पाय ते मागे ओढून घेतं. शिवाय मोठ्या माणसांच्या एटीव्हीचं वजन सहज २०० किलोच्या पुढे जातं, म्हणजे आपल्या स्कूटरच्या जवळपास दुप्पट. ती कलू लागली, तर एका पायाने थोपवता येत नाही.

म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी स्वतःला बजावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही पाय फुटरेस्टवरच राहतील. पहिली पाच मिनिटं हे मनात म्हणत राहिलात तरी चालेल. स्कूटरवाल्यांना या सवयीशी सगळ्यात जास्त झगडावं लागतं.

दुसरा धडा : रेस अंगठ्यात असते

स्कूटरची रेस मूठ पिळून देतो. बहुतेक एटीव्हींवर उजव्या मुठीखाली एक छोटी दांडी असते, ती अंगठ्याने दाबायची. सोपं वाटतं ना? गडबड होते ती खड्ड्यात. गाडीला दणका बसला, की आपण घाबरून हँडल घट्ट आवळतो. हात आवळताना अंगठाही दाबला जातो आणि थांबायच्या ऐवजी गाडी पुढे उसळते. समोर झाड किंवा दगड असेल, तर पुढचं सांगायला नको.

उपाय साधा आहे. हँडल चार बोटांनी धरा, अंगठा हलका ठेवा. मोकळ्या सपाट जागेवर आधी दहा वेळा एवढंच करा : थोडी रेस, अंगठा सोडा, ब्रेक. पुन्हा रेस, अंगठा सोडा, ब्रेक. गडबडीत आधी अंगठा सुटला पाहिजे, ब्रेक त्यानंतर.

निघण्याआधी दोन गोष्टी हाताने चाचपून घ्या. पुढचा ब्रेक कुठे आणि मागचा कुठे, हे प्रत्येक गाडीवर सारखं नसतं. दुसरं म्हणजे इंजिन बंद करणारं बटण, बहुधा लाल. काही गाड्यांना एक दोरी असते, ती मनगटाला किंवा कमरेला अडकवायची. तुम्ही गाडीवरून पडलात, की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद होतं. दोरी असेल, तर आळस न करता अडकवा. नवशिक्यांसाठी काही गाड्यांचा वेग कमी करून ठेवण्याची सोयही असते. मागायला लाजू नका.

तिसरा धडा : गाडी वळत नाही, तुम्ही वळता

हा धडा मला सगळ्यात उशिरा कळला. पहिल्या फेरीत मी हँडल वळवत होते आणि गाडी सरळच जात होती. मला वाटलं, गाडीत बिघाड आहे.

बिघाड नव्हता. कार वळते तेव्हा आतलं चाक कमी अंतर कापतं आणि बाहेरचं जास्त. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी सोय कारमध्ये असते. बऱ्याच एटीव्हींमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, बैलगाडीची चाकं एकमेकांना बांधून टाकावीत तशी. दोन्ही एकाच गतीने फिरतात, म्हणून गाडीला सरळ जायची ओढ असते.

मग वळायचं कसं? वळणाच्या आधी वेग कमी करा. मग अंग थोडं पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा आणि बाहेरच्या फुटरेस्टवर पायाचा जोर द्या. त्यामुळे आतलं मागचं चाक हलकं होऊन जरा घसरतं आणि गाडी वळते.

घाटातली एसटी आठवा. बस डावीकडे वळली, की आपण उजवीकडे फेकले जातो आणि दांडा धरून स्वतःला डावीकडे ओढतो. इथेही तेच करायचं आहे, फक्त फेकले जाण्याआधी. सायकल किंवा स्कूटर वळताना स्वतः आत कलते. एटीव्ही कलत नाही, ताठ उभी राहते. तिच्या वाटचं कलणं तुम्हाला करावं लागतं. वेगात, ताठ बसून वळलात, तर बाहेरच्या बाजूला उलटायला फार वेळ लागत नाही.

एटीव्हीची सीट लांब का असते, हेही इथेच कळतं. आपल्याला वाटतं, दोघांनी बसण्यासाठी. एका माणसासाठी बनवलेल्या एटीव्हीवर ती लांबी चालवणाऱ्याला पुढे-मागे, आजूबाजूला सरकता यावं म्हणून असते. तोल सांभाळणारा भाग म्हणजे तुमचं शरीर, आणि त्याला हलायला जागा लागते.

चौथा धडा : चढ, उतार आणि आडवी वाट

सह्याद्रीतल्या वाटा सपाट कुठून असणार? थोडा चढ, थोडा उतार येतोच. तेव्हा शरीर कसं ठेवायचं, ते लक्षात ठेवा.

- चढावर पुढे सरका, छाती हँडलकडे न्या आणि रेस एकसारखी ठेवा. मध्येच जोरात रेस दिली, तर पुढची चाकं उचलली जातात.
- उतारावर मागे सरका, हात सैल ठेवा. आधीच हळू व्हा, खालचा गिअर असेल तर तो टाका आणि ब्रेक हलके दाबा. पुढचा ब्रेक एकदम आवळू नका.
- वाट टेकडीच्या अंगाने आडवी जात असेल, तर अंग डोंगराच्या बाजूला झुकवा. नवशिक्याने अशी वाट शक्यतो टाळावी.
- खडबडीत जागी सीटवरून किंचित उठा, गुडघे वाकवा. धक्के गुडघ्यांनी झेलायचे, कमरेने नाही.

चढाच्या मध्यावर गाडी बंद पडली तर? पहिल्यांदा ब्रेक दाबून धरा. गाडी मागे सोडू नका आणि तिथेच वळवायचा प्रयत्न करू नका, कारण आडवी झालेली गाडी गडगडते. वरच्या बाजूने उतरा, गाडीच्या खालच्या बाजूला कधीही उभे राहू नका आणि प्रशिक्षकाला हाक मारा. त्यात कमीपणा काही नाही.

पाचवा धडा : बघाल तिकडे जाल

पहिल्या फेरीत माझी नजर पुढच्या चाकावर होती. दगड दिसला, की दगडाकडे बघायचे आणि नेमकी दगडावरच जायचे. प्रशिक्षक म्हणाला, "ताई, दगडाकडे नका बघू, वाटेकडे बघा." फरक लगेच पडला. नजर जिथे असते, तिकडे हात नकळत वळतात. म्हणून पाच-सात मीटर पुढची मोकळी वाट बघत राहा.

आपल्याकडच्या मातीचेही लाड समजून घ्यावे लागतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात जांभ्याचा लाल फुफाटा उडतो. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून गेलात, तर काहीच दिसत नाही, म्हणून धूळ खाली बसेल इतकं अंतर ठेवा. पावसाळ्यात तीच माती साबणासारखी निसरडी होते आणि शेवाळलेले दगड त्याहून वाईट. साचलेल्या पाण्यात खड्डा किती खोल आहे, हे वरून कळत नाही. फोटोत चिखल उडवणारी गाडी छान दिसते, पण पहिल्या दिवशी ते प्रशिक्षकावर सोडा.

आणखी एक गोष्ट. ट्रॅक संपला, की डांबरी रस्त्यावर "जरा एक चक्कर" मारू नका. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा अगदी कमी असते, साधारण ५ पीएसआयच्या आसपास. कारच्या टायरमध्ये ती ३० च्या आसपास असते. हा मऊ टायर मातीत पसरून पकड घेतो, पण डांबरावर वळताना तो मध्येच चिकटतो आणि गाडी झटका खाते. शिवाय ट्रॅकवरच्या अशा गाड्या सहसा सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदवलेल्या नसतात. तिथे अपघात झाला, तर विम्याचाही प्रश्न येतो.

ओढणी आत, बूट बंद

आपण सहलीला जातो ते सहलीच्या कपड्यांत. एटीव्हीवर बसायचं असेल, तर त्यात थोडा बदल हवा.

ओढणी, स्टोल, साडीचा पदर, लांब वेणी यांपैकी काहीही मोकळं नको. फिरणारं चाक आणि आस कापड ओढून घेतात, आणि ते कापड गळ्याभोवती असेल तर काय होईल, ते सांगायला नको. ओढणी काढून पिशवीत ठेवा, वेणी कपड्याच्या आत टाका, मंगळसूत्र किंवा माळ असेल तर तीही आत घ्या. चपला, सँडल नकोत, घोटा झाकणारे बूट असतील तर उत्तम. पूर्ण बाह्या, जाड पँट, डोळ्यांना गॉगल आणि जमलं तर हातमोजे.

हेल्मेट डोक्यावर नुसतं ठेवू नका. पट्टा लावा आणि डोकं दोन्हीकडे हलवून बघा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर नाही. ढिगातलं हेल्मेट सैल असेल, तर दुसरं मागा. घामट वाटत असेल, तर आतून रुमाल बांधा, पण हेल्मेटशिवाय निघू नका.

पैसे देण्याआधी विचारा

आपण भाजी घेतानाही चार प्रश्न विचारतो. इथे का नाही विचारायचे?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये साहसी पर्यटनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही एटीव्हीचा समावेश आहे. तेव्हा बिनधास्त विचारा :

- तुमची नोंदणी आहे का? विमा आहे का?
- निघण्याआधी सपाट जागेवर सराव करून घेणार का?
- ट्रॅकवर प्रशिक्षक सोबत असेल का? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे?
- ब्रेक दाबून दाखवाल का? ही गाडी किती जणांसाठी आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गाडीवरच लिहिलेलं असतं. एका माणसाच्या गाडीवर बहुधा "प्रवासी नको" असा इशारा चिकटवलेला असतो. दोघांसाठी बनवलेल्या गाडीला मागे वेगळी सीट, पाठीला टेकू आणि पाय ठेवायला वेगळी जागा असते. या प्रश्नांवर कोणी वैतागला, तर तिथून निघायला हरकत नाही. पुढच्या वळणावर दुसरा ट्रॅक असतोच.

वाट आपल्या एकट्याची नाही

ट्रॅकवर गुरं, घोडे, शाळेतून परतणारी मुलं, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका असं कोणीही भेटू शकतं. एटीव्हीचा आवाज मोठा असतो, जनावर बुजतं. वेग कमी करा, बाजूला थांबा आणि गरज पडली तर इंजिन बंद करा. ती वाट आधी त्यांची आहे.

आखलेला ट्रॅक सोडून जाऊ नका. सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि पावसाळ्यात तिथे जी फुलं येतात, ती त्याच थरावर. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण तितकं नाव नसलेले असे सडे आपल्याकडे कितीतरी आहेत. चाकाची एक चाकोरी तिथे वर्षानुवर्षं राहते.

कोकणात आणखी एक काळजी घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालायला येतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी इवलीशी पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे चालू लागतात. चाकांनी पडलेली खोल चाकोरी म्हणजे त्यांच्यासाठी दरीच. त्यात अडकलेलं पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ज्या किनाऱ्यावर गाड्यांना परवानगी नाही, तिथे "सगळेच चालवतात" म्हणून चालवू नका.

आता लेकीला काय सांगायचं?

"आई, बसव ना!" लेक हट्टाला पेटली होती. गाड्या सांभाळणारा मुलगा हात पुढे करून उभा होता. घरचेही म्हणाले, "एवढं काय, एकच फेरी."

मी गाडीकडे बघितलं. लेक पुढे बसली, तर मला पुढे सरकता येणार नाही. वळणावर आत झुकायचं, तर मध्ये ती. खड्ड्यात ती घाबरून हँडल धरणार, आणि नेमका तिचा हात माझ्या अंगठ्यावर पडला तर? मागे बसवली, तर तिचे पाय फुटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, खाली चाक फिरतंय. आणि गाडी उलटली, तर २०० किलोखाली आम्ही दोघी. स्कूटरवर आपण मूल पुढे उभं करतो आणि वर्षानुवर्षं काही होत नाही, म्हणून ते बरोबर वाटतं. इथे ती सवय उपयोगाची नव्हती.

मुलांनी स्वतः चालवायचं म्हटलं, तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे : १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये. मुलांसाठी वयानुसार छोट्या गाड्या मिळतात. पण लहान मुलांना अंतराचा, वेगाचा अंदाज पटकन येत नाही आणि तोल फिरवण्याइतकं वजनही त्यांच्याकडे नसतं. तरीही कोणी पालक मुलाला छोट्या गाडीवर बसवणारच असतील, तर निदान गाडी मुलाच्या मापाची हवी, वेग बांधलेला हवा, जागा सपाट आणि बंदिस्त हवी, हेल्मेट मापाचं हवं आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. मोठ्यांच्या गाडीवर मूल नको, पुढेही नको आणि मागेही नको.

मी नाही म्हटलं. लेक रडली. गाड्या सांभाळणारा मुलगा "ताई उगाच घाबरतात" म्हणाला, तेही ऐकून घेतलं. आम्ही स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाल्लं, तरी तिचा फुगलेला चेहरा वाईचा घाट उतरेपर्यंत तसाच होता.

मग मागच्या सीटवरून प्रश्न आला, "मी कधी चालवणार?"

"तुझे पाय पोचायला हवेत, अंगात जोर यायला हवा आणि कायद्याने गाडी चालवायचं वय व्हायला हवं," मी म्हटलं. "तोवर सायकलवर मातीच्या वाटेने जाऊ. वळताना कसं झुकायचं, चढावर पुढे कसं सरकायचं, ते तिथेच शिकता येतं."

थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "तुझा बूट फाटला ना, म्हणून तू नाही म्हणालीस."

मी टाचेकडे बघितलं. लाल मातीत रबराचा एक काळा ओरखडा होता.

"हो," मी म्हटलं, "म्हणूनच."